उडती किक: मारायची, दाखवायची की सोडून द्यायची?

16 डिसेंबर 2010 रोजी अमेरिकेत, अॅरिझोनातल्या ग्लेंडेल इथे अँथनी पेटिस आणि बेन हेंडरसन यांच्यात मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या विजेतेपदाची लढत झाली. पाचवी म्हणजे शेवटची फेरी संपत आली होती. हेंडरसन जाळीच्या कडेने सरकतोय हे हेरून पेटिस धावला, जाळीवर पाय टेकवून तिथूनच त्याने उसळी घेतली आणि हवेतून हेंडरसनच्या तोंडावर किक मारली. हेंडरसन कोसळला. ती काही सेकंदांची चित्रफीत तेव्हापासून जगभर फिरते आहे. तायक्वांदो किंवा कराटेच्या क्लासला जाणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर ती आज ना उद्या येतेच.

त्या चित्रफितीत पुढचं दिसत नाही. हेंडरसन उठला, लढत शेवटच्या घंटेपर्यंत चालली आणि पेटिस पंचांच्या निर्णयावर जिंकला. आधीचंही दिसत नाही. जवळजवळ पाच फेऱ्या दोघं मुख्यतः साध्या किका, ठोसे आणि पकडी यांवर झुंजत होते. पाच वर्षांचा असल्यापासून तायक्वांदो करणाऱ्या पेटिसने इतका वेळ प्रतिस्पर्धी कुठे सरकतो, जाळीजवळ आला की काय करतो, हे पाहून घेतलं होतं. उडी त्यानंतर आली.

“सर, गिरकीच्या, उडीच्या किकचा खऱ्या मारामारीत उपयोग होतो का?” हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त पालक विचारतात. माझं उत्तर असं आहे. उपयोग होतो, पण त्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात. किक मारायच्या आधी समोरचा माणूस कुठे जाणार हे तुम्हाला कळलेलं असलं पाहिजे, आणि किक मारून झाल्यावर तुम्ही आपल्या दोन पायांवर, समोरच्याकडे तोंड करून उभे असला पाहिजेत. यातली एक जरी गोष्ट नसेल तर ती किक प्रात्यक्षिकासाठी ठेवावी. तिथेही तिला मान आहे, त्याबद्दल पुढे लिहितोच.

आधी उडीचा हिशेब पाहू. 40 सेंटीमीटर उंच उडी मारणारा माणूस अर्ध्या सेकंदाहून किंचित जास्त वेळ हवेत असतो. डोळ्यांनी टिपलेल्या हालचालीवर शरीर हलायला साधारण पाव सेकंद लागतो. त्यातच उडीआधी गुडघे वाकतात, हात मागे जातात, खांदे खाली येतात. ही तयारी लपवणं फार कठीण असतं. म्हणजे समोरच्याला पाहायला आणि पाऊलभर बाजूला व्हायला पुरेसा वेळ मिळतो. तुम्हाला मात्र काहीच बदलता येत नाही. पाय जमिनीवरून सुटले की शरीर कोणत्या वाटेने जाणार हे ठरून गेलेलं असतं, कारण दिशा बदलायला रेटा द्यावा लागतो आणि हवेत रेटा द्यायला काही नसतं. म्हणून उडती किक लागायची तर समोरच्याला सरकता येऊ नये अशी वेळ साधावी लागते: तो स्वतः पुढे येत असताना, त्याचा एक पाय हवेत असताना, किंवा तो तुमच्या आधीच्या हुलकावणीला फसून भलत्या बाजूला वाकलेला असताना.

अनेक क्लासमध्ये एक कथा सांगितली जाते, की पूर्वीच्या काळी कोरियात घोड्यावरच्या स्वाराला पाडायला उडत्या किका वापरत. कथा ऐकायला छान आहे. पण आज आपण शिकतो ते तायक्वांदो विसाव्या शतकाच्या मध्यावर आकाराला आलं, त्यावर जपानी कराटेचा मोठा प्रभाव होता आणि त्याचं नाव 1955 मध्ये ठरलं. तोवर लढाईतून घोडदळ गेलेलं होतं. मुलांना ही कथा इतिहास म्हणून सांगू नये. उडत्या किकेला कारण द्यायचंच असेल तर आजचं, तपासता येईल असं द्यावं.

माझ्या मते सगळ्या गिरकीच्या किकांमध्ये सर्वांत कामाची म्हणजे पाठमोरं वळून मारायची सरळ बॅक किक. तायक्वांदोवाले तिला द्वी चागी म्हणतात, कराटेवाले उशिरो गेरी. दिसायला ती फारशी भपकेदार नाही, म्हणून मुलं ती लवकर उरकतात आणि 540 नावाच्या हवेतल्या गिरकीच्या किकमागे लागतात. समोरच्याने मागच्या पायाने तुमच्या पोटावर राउंडहाउस, म्हणजे बाजूने फिरून येणारी किक, टाकली की त्याचं अंग क्षणभर उघडं पडतं आणि तो एकाच पायावर असतो. त्याच क्षणी तुम्ही वळलात तर तुमचं अंग त्याच्या किकच्या रेषेतून बाजूला जातं आणि तुमची टाच सरळ रेषेत त्याच्या छातीच्या ढालीवर पोहोचते. त्याची किक वळसा घेऊन येते, तुमची सरळ जाते. उशिरा निघूनही ती आधी पोहोचते ती याचमुळे.

ही किक घोटवताना चार जागा पाहा. पुढच्या पायाच्या चवड्यावर वळल्यावर टाच समोरच्याकडे झाली पाहिजे. मान आधी वळते आणि नजर खांद्यावरून लक्ष्य शोधते. खांदे मात्र तिथेच थांबतात, ते पूर्ण फिरले की किक तिरकी होते. मारणाऱ्या पायाचा गुडघा टेकलेल्या पायाच्या गुडघ्याला घासून गेला पाहिजे. नवशिक्यांची चूक इथेच होते: गुडघा बाहेरून फिरतो, पाय गोल येतो आणि पॅडवर दणका बसण्याऐवजी नुसता चाटून जातो. चौथी जागा म्हणजे परतणं. मारलेला पाय पुढे टाकून लगेच पवित्रा घ्यायचा, हात वर. पॅड धरणाऱ्या जोडीदाराला सांगून ठेवा, की किक झाल्या झाल्या त्याने पॅडने तुमच्या छातीवर हलकेच ढकलायचं. तोल गेला, तर तुम्ही किक मारलीत पण लढत हरलात असं समजा.

10 ऑक्टोबर 2020 रोजी अबूधाबीतल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या लढतीत वाकीन बकलीने इम्पा कसांगनायला ज्या किकने बेशुद्ध केलं, ती याच घराण्यातली. कसांगनायने बकलीचा पाय हातात पकडला होता. बकलीने पकडलेल्या त्याच पायाचा आधार करून उडी घेतली आणि अंग फिरवून दुसऱ्या पायाची टाच त्याच्या तोंडावर मारली. बघणाऱ्याला तो चमत्कार वाटतो. पण पाय धरणारा त्या पकडीत अडकलेला होता, तोंड उघडं होतं आणि तो जागचा हलू शकत नव्हता. वर सांगितलेली पहिली अट इथे पुरेपूर जुळलेली दिसते.

याच्या शेजारी 20 ऑगस्ट 2022 ची सॉल्ट लेक सिटीची, याच खेळातली लढत ठेवून पाहा. लिऑन एडवर्ड्स गुणांवर मागे होता, पाचवी फेरी, एका मिनिटाहूनही कमी वेळ उरलेला. त्याने डाव्या हाताची हूल दिली, कमारू उस्मान ती चुकवायला बाजूला वाकला, आणि तो जिथे वाकला तिथेच एडवर्ड्सची डावी किक येऊन डोक्यावर बसली. उडी नाही, गिरकी नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला शिकवतात ती किक, फक्त हूल अचूक होती. माझ्या विद्यार्थ्यांना मी पेटिसच्या आधी ही लढत बघायला सांगतो. आणि उडती किक शिकायची घाई झालेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारतो, की तुझ्याकडे अशी कुठली हूल आहे, जिला समोरचा दर वेळी फसतो? ती असेल तर तिच्यापुढे गिरकी जोडता येते. नसेल तर आधी ती कमवायची.

कुस्तीगीर समोर असला की हिशेब आणखी कडक होतो. गिरकीत तुमची पाठ त्याच्याकडे जाते, एक पाय वर असतो आणि क्षणभर तुम्हाला तो दिसत नाही. पट काढायला पैलवानाला याहून चांगली संधी कोण देणार? म्हणूनच मिक्स्ड मार्शल आर्ट्समधले जाणते लढवय्ये गिरकीची किक लांबून, आणि तीही समोरचा मागे सरकत असताना मारतात. थायलंडच्या मुए थाईमध्येही रोजचं काम करतात त्या समोरून ढकलणारी किक आणि मांडी-बरगडीवरची राउंडहाउस. तिथला लढवय्या सेनचाई कार्टव्हील किकसाठी प्रसिद्ध आहे हे खरं. पण समोरच्याचं अंतर आणि लय पूर्ण कह्यात आली की मगच तो ती बाहेर काढतो.

स्पर्धेचं गणित वेगळं आहे आणि ते समजून घेतलं पाहिजे, कारण तिथे गिरकीला नियमांनीच जास्त भाव दिला आहे. टोकियो ऑलिंपिकच्या वेळी तायक्वांदोत ठोशाला 1, छातीवरच्या किकला 2, डोक्यावरच्या किकला 3 गुण होते; तीच किक गिरकी घेऊन मारली तर छातीला 4 आणि डोक्याला 5. दोन गुणांनी मागे असलेल्या खेळाडूने शेवटच्या दहा सेकंदांत गिरकी घेणं म्हणूनच शहाणपणाचं ठरतं. मात्र खाली पडलात तर गामजोम, म्हणजे समोरच्याला फुकटचा एक गुण. परत उभं राहण्याची दुसरी अट इथे नियमातच लिहिलेली आहे. कराटेच्या कुमितेत, म्हणजे दोघांच्या लढतीत, डोक्यावरच्या किकला 3 गुण आहेत, पण ताबा सुटला तर सगळंच जातं. 7 ऑगस्ट 2021 रोजी टोकियोत 75 किलोवरच्या गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी आघाडीवर होता. त्याच्या किकने इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला. पंचांनी अनियंत्रित आघात ठरवून हमेदीला बाद केलं आणि सुवर्णपदक गंजजादेहला मिळालं. ती साधी, जमिनीवर उभं राहून मारलेली किक होती. हवेत असताना तर पाय आखडता घेणं याहूनही अवघड असतं.

आणि ज्यांना उडी, गिरकी, कोलांटी यांचीच ओढ आहे त्यांनी मन मारू नये. तायक्वांदोच्या फ्रीस्टाइल पूमसेत, म्हणजे बसवलेल्या हालचाली सादर करण्याच्या स्पर्धेत, उडी मारून साइड किक, एकाच उडीत अनेक फ्रंट किका, हवेतली गिरकी आणि अॅक्रोबॅटिक किक यांना गुण असतात. उडीची उंची, किकांची संख्या, गिरकीचे अंश हे सगळं तिथे मोजलं जातं. तुमच्या मुलाला त्यात गोडी असेल तर त्याला “पण मारामारीत याचा काय उपयोग?” असं विचारून हिरमुसलं करू नका. अशा सरावातून खुब्यांची ताकद, तोल, हवेत अंग कुठे आहे याची जाण आणि पडण्याची भीती जाणं, हे सगळं मिळतं, आणि ते त्याच्या साध्या किकांत उतरतं. शिवाय तेरा-चौदा वर्षांचं मूल क्लासमध्ये टिकतं ते पुष्कळदा याच आनंदापायी, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

रस्त्यावरच्या प्रसंगाबद्दल मात्र मी कसलीही सूट देत नाही. तिथे उडती किक नको, गिरकी नको, कमरेच्या वर पायच नको. पायात चप्पल असते, अंगात जीन्स, पाठीवर सॅक. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर शेवाळ असतं. समोरचा एकटा आहे की मागून दुसरा येतोय हे गिरकी घेताना दिसत नाही. पडद्यावर उंच किका मारणाऱ्या ब्रूस लीनेही आपल्या जीत कुन दोमध्ये गुडघ्यावर आणि नडगीवर मारायच्या किकेलाच मोठं स्थान दिलं होतं. तुम्हीही नडगीवर किंवा गुडघ्याच्या खाली एक सरळ किक मारा, ओरडा, सुटा, पळा आणि 112 ला फोन करा. डोक्यावर बसलेल्या किकने माणूस बेशुद्ध पडला तर त्याचं डोकं मॅटवर नाही, सिमेंटवर आपटतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमं स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याची मुभा देत नाहीत. मुलींच्या स्वसंरक्षण शिबिरात दोन दिवसांत गिरकीची किक शिकवणारे लोक पाहिले की मला मनापासून राग येतो. त्या दोन दिवसांत मनगट सोडवणं, गळ्याची पकड सोडवणं आणि मोठ्याने ओरडणं एवढं पक्कं झालं तरी पुष्कळ झालं.

आता सराव. उडती किक शिकवण्याची सुरुवात किकने होत नाही, उतरण्याने होते. पहिले काही आठवडे फक्त उडी मारून दोन्ही पायांवर उतरा: चवडे आधी, मग टाचा, गुडघे वाकलेले आणि पायाच्या बोटांच्या दिशेने. गुडघे आत, एकमेकांकडे झुकत असतील तर पुढे जाऊ नका. विशेषतः वयात येणाऱ्या मुलींकडे लक्ष द्या, कारण गुडघ्याच्या आतला एसीएल हा अस्थिबंध तुटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा जास्त असतो आणि तो बहुतेकदा कुणी लाथ मारल्याने नाही, तर चुकीचं उतरल्याने तुटतो. दोन पायांवर नीट जमलं की एका पायावर उतरून दोन सेकंद स्थिर उभं राहायचं. मग पाव वळण घेऊन उतरणं, मग अर्धं. किक त्यानंतर जोडायची आणि तीही कमरेच्या उंचीच्या पॅडवर. उंची शेवटी आपोआप येते.

शिकवताना मी डोळ्यांइतकाच कानांचा उपयोग करतो. नीट उतरलेल्या पायाचा आवाज मऊ येतो. दणादण आवाज येऊ लागला की पोटऱ्या आणि मांड्या थकल्या, असं समजून त्या दिवशीच्या उड्या तिथेच थांबवायच्या, मग ठरवलेल्या आवृत्त्या राहिल्या तरी चालतील. म्हणूनच उड्या क्लासच्या शेवटी ठेवू नयेत. अंग गरम झालं की लगेच, पाय ताजे असताना त्या घ्याव्यात आणि पॅडचं जड काम नंतर.

स्प्लिटबद्दल पालकांनी जागरूक राहायला हवं. मुलाला भिंतीला टेकवून दोघा सिनियरांनी त्याचे पाय दोन बाजूंना ताणायचे, तो रडला तर “सहन कर” म्हणायचं, हा प्रकार आजही अनेक ठिकाणी चालतो. वाढत्या वयात हाडाचं टोक पक्कं झालेलं नसतं. अशा जोरामुळे बसण्याच्या हाडापाशी मांडीच्या मागचा स्नायू हाडाचा तुकडा घेऊनच निघू शकतो. लवचिकता येते ती क्लासच्या सुरुवातीला पाय मोकळे झुलवून आणि शेवटी, अंग गरम असताना, स्वतःच्या वजनाने सावकाश ताण देऊन. दुसऱ्या कुणाचा हात त्यात लागता कामा नये. मुलाच्या गुडघ्याच्या वाटीखाली किंवा टाचेला रोज उड्यांनंतर दुखत असेल तर ती वाढीच्या वयातली तक्रार असू शकते. उड्या बंद करून डॉक्टरांना दाखवा. आणि उतरताना गुडघ्यात “कट्” असा आवाज येऊन काही तासांत सूज आली, तर घरगुती लेप लावत बसू नका, अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.

पस्तिशीनंतर क्लास सुरू करणाऱ्यांनी उडत्या किकांच्या वाटेला गेलं नाही तरी काही बिघडत नाही. फ्रंट किक, मांडीवरची राउंडहाउस आणि सावकाश मारलेली बॅक किक यांत वर्षानुवर्षांचं काम आहे.

क्लास निवडताना बेल्टच्या रंगांआधी जमीन पाहा. शाळेच्या हॉलमधली शहाबादी फरशी, गच्चीवरचा कोबा, इथे उड्या शिकवत असतील तर किमान दोन-अडीच सेंटीमीटर जाडीच्या मॅट आहेत का, हे विचारा. पडायला शिकवतात का, हेही विचारा. आठवड्यातल्या तासांपैकी जोडीदारासोबत, हलत्या लक्ष्यावर किती वेळ जातो ते एखाद्या दिवशी बसून बघा. हवेत किका मारून झाल्यावर टाळ्या घेणारा वर्ग आणि जोडीदार सरकत असताना त्याला किक लावून परत पवित्र्यात येणारा वर्ग यांतला फरक तुम्हाला अर्ध्या तासात कळेल.

डोक्यावर ट्यूबलाइट फोडणं, पोटावरून मोटारसायकल नेणं, हे प्रात्यक्षिकात असेल तर मुलाला त्यात उतरवू नका. त्याचा किकेशी काही संबंध नाही, आणि ट्यूबलाइटच्या काचेबरोबर पाराही बाहेर पडतो. शाळेच्या स्नेहसंमेलनात उडत्या किका दाखवायच्या असतील तर आदल्या दिवशी रंगमंचावर जाऊन या. लाकडी फळ्यांवर नुसतं कार्पेट अंथरलेलं असतं आणि उडी घेताना तेच सरकतं. ते कडांना चिकटवून घ्या, फळ्यांमध्ये फट किंवा वर आलेला खिळा आहे का, हे अनवाणी चालून पाहा, समोरचे दिवे डोळ्यांत येतात का, ते मुलांना उभं करून बघा. मॅट टाकायला आयोजक तयार नसतील तर कार्यक्रमातून 540 काढा आणि त्या जागी दोघांची बॅक किकची जुगलबंदी ठेवा, पॅडवर, जोरात आवाज येईल अशी.